मागण्याआधी मोजणे : बेकारी, भरपाई आणि कामगाराचा हिशेब



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला पाचारण केले, की तो संतवाङ्मयावर किंवा फार तर नवकाव्यावर बोलेल, अशी अपेक्षा असते. मी विषय कळविला तेव्हा संयोजकांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. विषय तोच आहे : नोकरी गेलेल्या माणसाने आपल्याला काय मिळू शकेल याचा अंदाज, दावा दाखल करण्यापूर्वी, स्वतःच्या हाताने कसा बांधावा. ज्या गुरुजींच्या नावे ही व्याख्यानमाला चालते ते अंकगणित शिकवीत, हे एक कारण. दुसरे असे, की आपण अन्नपूर्णेत बसलो आहोत. अन्नदात्या देवीचे नाव धारण करणाऱ्या या वस्तीपासून थोड्याच अंतरावर एकेकाळी गिरण्यांचे भोंगे वाजत आणि ते बंद पडल्यावर हजारो घरांत चुलीचा प्रश्न उभा राहिला. त्या घरांत व्यथा होतीच. पण व्यथेबरोबर एक आकडाही होता, आणि त्या आकड्याविषयी आपल्या साहित्याने फारसे काही लिहिलेले नाही. मामा वरेरकरांचा 'धावता धोटा' आहे, जयंत पवारांचे 'अधांतर' आहे. गिरणगावाचे दुःख मराठीत आले. पगारपट्टी मात्र आली नाही.

प्रारंभी थोडे शब्दांविषयी बोलतो. तो माझा व्यवसाय आहे आणि पुढच्या हिशेबाशी त्याचा संबंधही आहे. 'पगार' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. 'हिशेब', 'दावा', 'वसूल' हे अरबी शब्द फारसीच्या वाटेने आले, 'बेकार' फारसी. शिवकालात राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले, तरी कचेरीची भाषा कचेरीचीच राहिली. आजही सरकारी मराठी ग्रॅच्युइटीला 'उपदान' म्हणते. कामगार ग्रॅच्युइटीच म्हणतो. ज्याच्या हक्काची गोष्ट, त्यालाच तिचे कागदावरचे नाव परके, अशी ही स्थिती आहे.

यापेक्षा महत्त्वाचा भेद 'भत्ता', 'भरपाई' आणि 'मदत' या तीन शब्दांत आहे. इंग्लंडने १९११ साली राष्ट्रीय विम्याचा कायदा केला. त्यात काही उद्योगांतील कामगारांना बेकारीत आठवड्याला ७ शिलिंग, वर्षातून जास्तीत जास्त १५ आठवडे मिळत; आणि पाच आठवड्यांची वर्गणी भरली असेल तर एका आठवड्याचा भत्ता, असे प्रमाण होते. म्हणजे कामगाराला आपला आकडा बोटांवर मोजता येई. आपल्याकडे तसे झाले नाही. प्रा. बी. पी. आदारकर यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात श्रमखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. त्या अहवालातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उगवला. पण तो आजार, बाळंतपण आणि अपघात यांचा विमा होता, बेकारीचा नव्हता. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदाने बेकारीत सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा उल्लेख केला, तोही राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. परिणाम असा झाला, की भारतातल्या संघटित कामगाराचे बेकारीतले संरक्षण मुख्यतः मालकाकडून येणाऱ्या भरपाईवर उभे राहिले. विम्याचा भत्ता विमा देणाऱ्या संस्थेकडून येतो. भरपाई ज्याने काढले त्याच्याकडूनच मागायची असते, आणि तो बहुधा स्वतःच बुडालेला असतो.

इंदूरला हे फार जवळून पाहावे लागले. होळकर दरबाराने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे पहिली कापड गिरणी काढली. पुढे मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, राजकुमार, कल्याणमल अशी नावे शहराच्या नकाशात आणि बोलण्यात रुजली. गिरण्या गेल्या, नावे चौकांना राहिली. येथील कामगार चळवळीला व्ही. व्ही. द्रविड यांच्यासारखे नेतृत्व लाभले. ते पुढे राज्याचे श्रममंत्रीही झाले. नंदानगरसारखी कामगारवस्ती उभी राहिली, विमा रुग्णालय आले. अर्थात संघटित कामगाराला या शहरात जे काही मिळणे शक्य होते ते बरेचसे मिळाले होते. आणि तरीही डिसेंबर १९९१ मध्ये हुकुमचंद गिरणी बंद झाली तेव्हा तिच्या ५,८९५ कामगारांपैकी किती जणांना आपले येणे किती हे सांगता आले असते, याविषयी मला शंका आहे.

ते कसे सांगता आले असते? एक उदाहरण घेऊ. फळ्यावर मांडावे तसे मांडतो. आकडे माझ्या मनाचे आहेत, रीत त्या वेळच्या कायद्याची आहे. साच्यावर काम करणारा एक विणकर. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना १,५६० रुपये, वर घरभाडे भत्ता १२० रुपये. नोकरी २२ वर्षे ७ महिने.

प्रथम ग्रॅच्युइटी. १९७२ च्या कायद्याने प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन दिले आणि सहा महिन्यांहून अधिक असलेला तुकडा पूर्ण वर्ष धरला. म्हणून आपल्या विणकराची वर्षे २३. वेतनात मूळ पगार आणि महागाई भत्ता येतो, घरभाडे येत नाही. मासिक वेतनाला २६ ने भागायचे, कारण महिन्यात कामाचे दिवस तेवढे. १,५६० भागिले २६ म्हणजे ६०. पंधरा दिवसांचे ९००. तेवीस वर्षांचे २०,७००. १९८७ पासून ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा ५०,००० रुपये होती, तेव्हा ही रक्कम तिच्या आतच बसते.

दुसरी रक्कम कपातीच्या भरपाईची. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम २५-एफ होते. तेथेही शब्द तेच : प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचे सरासरी वेतन. वाचणारा म्हणेल, मग पुन्हा २०,७००. तसे नाही. या कायद्याच्या वेतनात कामगाराला मिळणारे इतर भत्तेही येतात, म्हणून येथे १,५६० ऐवजी १,६८० धरायचे. आणि भागायचे २६ ने नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली ग्रॅच्युइटीच्या पंधरा दिवसांसाठी २६ चा भाजक मान्य केला. पण २००७ साली गुरु जंभेश्वर विद्यापीठाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले, की कपातीच्या भरपाईतील पंधरा दिवस महिन्याच्या ३० दिवसांतले मोजावेत. १,६८० भागिले ३० म्हणजे ५६; पंधरा दिवसांचे ८४०; तेवीस वर्षांचे १९,३२०. आगाऊ सूचना न देता काढले असेल तर एक महिन्याचे वेतन, १,६८०. एकूण ४१,७००. थकलेला पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि भविष्यनिर्वाह निधी यांच्याशिवाय.

आयुष्यभर भाषा शिकविलेल्या माणसाला यातली गंमत, किंबहुना यातला धोका, लगेच दिसतो. 'पंधरा दिवस' या दोन शब्दांचे दोन कायद्यांत दोन अर्थ आहेत. व्याकरणाने ते उलगडत नाहीत, शब्दकोशाने तर नाहीतच. उद्देश पाहावा लागतो : एक रक्कम दीर्घ सेवेची कदर म्हणून, दुसरी हातातले काम सुटल्याची झळ कमी करण्यासाठी. जो कामगार दोन्हीकडे एकच आकडा लिहून अर्ज करील त्याचा अर्ज एका ठिकाणी कमी मागेल किंवा दुसऱ्या ठिकाणी जास्त. जास्त मागितलेले कचेरी कापते. कमी मागितलेले वाढवून देणारी कचेरी मी अजून पाहिलेली नाही.

तथापि खरी अडचण भागाकारात नसते; ती 'पूर्ण वर्ष' या शब्दात असते. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की वर्ष पूर्ण मानले जाई. कायम कामगाराला याचे काही वाटत नसे. परंतु गिरण्यांत 'बदली' नावाचा एक मोठा वर्ग होता. सकाळी फाटकाशी उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत जायचे, नसेल तर घरी परतायचे. वीस वर्षे गिरणीत गेलेल्या बदली कामगाराची कायद्याने भरलेली वर्षे बारा निघू शकतात, आणि कोणती बारा हे हजेरीपट सांगतो. हजेरीपट मालकाच्या कपाटात, कपाट बंद गिरणीत, आणि गिरणीच्या फाटकावर न्यायालयाचे मोहोर. ज्याने आपल्या हजेरीच्या आणि पगाराच्या चिठ्ठ्या तेलाच्या डब्यात जपून ठेवल्या तो आपली वर्षे मोजू शकतो. इतरांना दुसऱ्याच्या मोजणीवर विसंबावे लागते.

येथे कोणी विचारील, की ग्रॅच्युइटीच्या कायद्याने तर हिशेब करण्याची जबाबदारी मालकावरच टाकली होती. कामगाराने अर्ज केला असो वा नसो, मालकाने रक्कम ठरवून कळवावी, तीस दिवसांत द्यावी, विलंब झाल्यास व्याज द्यावे. हे सर्व खरे. पण मालकाने दिलेला आकडा बरोबर की चूक हे पडताळायला दुसरा आकडा हवा ना? तो आपल्याजवळ असला पाहिजे. मराठी पावतीच्या शेवटी एक जुना वाक्प्रचार असतो : 'भरून पावलो'. व्यवहारात आपण तो वैतागलो या अर्थीही वापरतो. बंद पडलेल्या कारखान्यांच्या दारात, घरात दाणा नसताना, कामगारापुढे असा कागद ठेवला जातो आणि सही घेतली जाते. त्या क्षणी त्याच्या मनात ४१,७०० हा आकडा असेल तर तो निदान विचारील, की हे १८,००० कशाचे. नसेल तर १८,००० ही त्याच्या दृष्टीने मोठीच रक्कम असते.

आता या हिशेबाची दुसरी बाजू. येणे किती आणि हाती येईल किती, हे दोन स्वतंत्र अंदाज आहेत. पहिला कायद्याचा, दुसरा मालमत्तेचा. कंपनी विसर्जनात गेली की विसर्जनाचा आदेश हीच कामावरून कमी केल्याची सूचना मानली जाई, आणि मग कामगार हा एक धनको ठरे. १९८५ पर्यंत तो बँकांच्या मागे उभा असे. त्या वर्षी कंपनी कायद्यात कलम ५२९-ए आले आणि कामगारांची देणी तारणधारक धनकोंच्या बरोबरीला आली. समजा गिरणी विकून १० कोटी आले, बँकांचे येणे ३० कोटी आणि कामगारांचे १० कोटी. ढोबळ त्रैराशिकाने कामगारांच्या वाट्याला अडीच कोटी, म्हणजे रुपयाला चार आणे. आपल्या विणकराच्या ४१,७०० चे साधारण साडेदहा हजार झाले. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने कामगारांना तारणधारकांच्या बरोबरीची जागा ठेवली, मात्र विसर्जनापूर्वीच्या २४ महिन्यांच्या देण्यांपुरती. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी निधी मात्र विसर्जनाच्या मालमत्तेबाहेर ठेवले. तेव्हा ग्रॅच्युइटीचा वेगळा निधी मालकाने खरोखर उभारला होता का, हा प्रश्न कारखाना चालू असतानाच विचारण्याचा आहे.

तिसरा अंदाज काळाचा, आणि तो कोणालाच बांधता आला नाही. हुकुमचंद गिरणीच्या कामगारांची देणी उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे २००७ साली सुमारे २२९ कोटी रुपये ठरली. ५,८९५ ने भागले तर प्रत्येकी सरासरी ३ लाख ८८ हजारांच्या आसपास येतात. अर्थात सरासरीने कोणाचे घर चालत नाही. मधल्या काळात काही रक्कम हप्त्याहप्त्याने मिळाली. जमीन कोणाची, राज्याची की महापालिकेची की गिरणीची, हा वाद चालू राहिला. अखेर मध्य प्रदेश गृहनिर्माण मंडळाने सर्व देणी भागवून जमीन विकासासाठी ताब्यात घ्यावी अशी तडजोड झाली, न्यायालयाने ती मान्य केली, आणि २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे ४,८०० कामगारांसाठी जवळपास २२४ कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्द झाला. गिरणी बंद झाल्याला तेव्हा बत्तीस वर्षे झाली होती. दोन हजारांहून अधिक कामगार तोवर वारले होते.

या बत्तीस वर्षांत घराघरांत निर्णय झाले ते येणाऱ्या पैशाच्या भरवशावर, किंवा त्याची आशा सोडून. मुलाला शिकवायचे की हातगाडीवर लावायचे, खोली विकायची की राखायची, सावकाराकडून उचल घ्यायची की नाही. अंदाज फुगवून धरणारा कर्जात रुतला. काहीच येणार नाही असे धरणाऱ्याने आपला दाव्यातला हक्क थोडक्यात सोडून दिला. मुंबईत १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर अडीच लाखांच्या आसपास कामगारांपुढे हेच प्रश्न होते. तेथेही जमिनीचा भाव आला आणि जमिनीच्या भावाच्या सावलीत कामगाराचे येणे वर्षानुवर्षे लटकून राहिले.

आजच्या तरुणाची स्थिती वेगळी आहे का? काही अंशी आहे. आपल्या भागातली कितीतरी मुले पिथमपूरच्या कारखान्यांत जातात आणि विम्याच्या कक्षेत येतात. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आणली. कारखाना बंद पडला किंवा कपात झाली तर वेतनाच्या साधारण निम्मा भत्ता, सुरुवातीला सहा महिन्यांपर्यंत. पुढे ती मुदत वाढली. नंतर १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. तिचे गणित सोपे आहे, म्हणून मला ती आवडते. आधीच्या चार वर्गणीकालांतले, म्हणजे दोन वर्षांतले, एकूण वेतन घ्यायचे आणि ७३० ने भागायचे. येईल ती सरासरी दैनिक कमाई. आरंभी तिचा चतुर्थांश मिळे. २०२० च्या महामारीत तो निम्मा झाला आणि ती सवलत पुढे वेळोवेळी वाढविली गेली. जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. आपल्या जुन्या शाळांतून पावकी आणि निमकी घोकून घेत. ही योजना पावकीवरून निमकीवर आली एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

महिना १५,००० मिळविणाऱ्या मुलाचे दोन वर्षांचे वेतन ३,६०,०००. भागिले ७३०, दिवसाला ४९३ रुपये. निमकीने २४६ रुपये ५० पैशांच्या वर थोडे. नव्वद दिवसांचे सुमारे २२,१९० रुपये. पावकीने सुमारे ११,०९५. आता मेख पाहा. या मुलाला ठेकेदाराने दोन वर्षांत चार महिने घरी बसविले असेल तर वेतन ३ लाखांवर येते, पण भाजक ७३० च राहतो. निमकीने मिळणारी रक्कम १८,४९३ पर्यंत उतरते. शिवाय वर्गणीच्या दिवसांची अट आहेच. ठराविक वर्गणीकालात किमान ७८ दिवस भरावे लागतात. स्वतः नोकरी सोडलेल्याला, निवृत्ताला, गैरवर्तनासाठी काढलेल्याला किंवा संपामुळे घरी बसलेल्याला ती लागू नाही. आयुष्यात एकदाच, ही अट मला कोती वाटते. बेकारी एकदाच येते असे गृहीत धरणारा माणूस ठेकेदारीवर कधी राहिला नसावा. पण ती आहे, म्हणून दोन महिन्यांच्या खंडासाठी ती खर्ची घालावी की राखून ठेवावी हा विचार अर्ज करण्याआधीचाच आहे. सवलतीची मुदत आणि त्या दिवशीचा दर शाखा कार्यालयात विचारूनच आकडा पक्का करावा.

मघाशी मी जुन्या कायद्यांविषयी भूतकाळात बोललो, ते मुद्दाम. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि औद्योगिक विवाद कायदा, ग्रॅच्युइटी कायदा हे त्यांत विलीन झाले. वर्षाला पंधरा दिवसांची रीत तशीच राहिली. 'वेतन' या शब्दाची व्याख्या मात्र बदलली : वेगवेगळे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरचा भाग वेतनात मिळवायचा. मूळ पगार लहान आणि भत्ते लठ्ठ दाखवून ग्रॅच्युइटी कमी करण्याची जी कारकुनी कला होती तिला यामुळे आळा बसावा. ठराविक मुदतीच्या नोकराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आला, आणि कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने पंधरा दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरावे, ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जावे, अशी तरतूद झाली. उलट, कारखाना बंद करण्यास सरकारची पूर्वपरवानगी आता किमान ३०० कामगार असतील तरच लागते. पूर्वी ही मर्यादा १०० होती. एक हात देतो, दुसरा आवरून घेतो.

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. ती माझ्या विषयाच्या सर्वांत जवळची आहे. कामगार वारला असेल तर दावा वारसाने करायचा असतो, आणि तेथे सर्व गणित एका नावापाशी अडते. गिरणीच्या हजेरीपटात हिंदी भाषक कारकुनाने 'गनपत' लिहिलेले असते, विम्याच्या कार्डावर इंग्रजीत दुसरेच स्पेलिंग, मृत्यूच्या दाखल्यावर 'गणपतराव', बँकेत आडनाव आधी. मराठी घरांत बायकोचे नाव लग्नात बदलण्याची रीत होती. तिचे माहेरचे नाव नामनिर्देशनाच्या कागदावर राहिले तर ती स्वतःच्याच नवऱ्याची कोणी लागत नाही. अशा वेळी प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, वारसाचा दाखला, यात महिने जातात. नामनिर्देशनाचा कागद, विम्याचा क्रमांक, बँकेचे पासबुक आणि ओळखपत्र ही चार एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नावे अक्षर न् अक्षर जुळतात का, हे घरातल्या शाळकरी मुलालाही पाहता येईल. नोकरी चालू असताना ती दुरुस्ती एका अर्जाने होते. गिरणी बंद झाल्यावर तो अर्ज घ्यायला खिडकीत कोणी नसते.